अनुक्रमणिकेचे पान

नवे पुस्तक हाती येताच ते मध्येच कोठेतरी उघडावे, चित्रे पाहावीत, कोऱ्या कागदाचा वास घ्यावा आणि मग पहिल्या धड्याकडे वळावे, ही मुलांची रीत फार जुनी आहे. या गडबडीत एक पान बहुधा वाचावयाचे राहून जाते. त्यावर गोष्ट नसते, कविता नसते, चित्रही नसते. असतात ती केवळ प्रकरणांची नावे आणि त्यांच्यासमोर पृष्ठांचे आकडे. हे अनुक्रमणिकेचे पान. छापील पुस्तकात त्याच्याकडे पाहिले नाही, तरी पुष्कळांचे निभावून गेले. परंतु पुस्तक कागदावरून पडद्यावर आले आणि या पानावाचून वाचकाचे किती अडते, हे कळून येऊ लागले. मराठी पुस्तके पडद्यावर आणणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र ते अद्याप कळलेले दिसत नाही.

समजा, जामनेर गावात सातवीच्या वर्गात शिकणारी एक मुलगी आहे. घरात मोबाईल एकच. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतावर असतो. रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास तो तिच्या हाती येतो. वर्गात बाईंनी 'श्यामची आई' या पुस्तकातील 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण वाचून यावयास सांगितले आहे. पुस्तक मिळणे कठीण नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. खानदेशाला तर गुरुजी परके नव्हेत. अमळनेरच्या शाळेत त्यांनी काही वर्षे शिक्षकाचे काम केले होते. १९५० साली त्यांचे निधन झाले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकावरील हक्क संपतो, असा आपल्याकडील कायदा आहे. त्यामुळे २०११ सालापासून हे पुस्तक कोणासही छापण्याची आणि वाटण्याची मोकळीक मिळाली. अनेकांनी ते इंटरनेटवर ठेवले. काहींनी मन लावून ठेवले, काहींनी कसेतरी.

आता त्या मुलीच्या हाती कोणती प्रत येते, यावर तिचा अर्धा तास अवलंबून आहे. चांगली प्रत आली, तर पडद्याच्या वरच्या कडेस बोट लावताच एक पट्टी उमटते. तीवर आडव्या रेघांची लहानशी खूण असते. ती दाबली की बेचाळीस रात्रींची नावे एकाखाली एक उभी राहतात. त्यांतील 'रात्र बारावी' या नावावर बोट टेकावे, की पोहण्याचे प्रकरण समोर उघडते. वाईट प्रत आली, तर अशी यादीच नसते. मग अंगठ्याने पाने मागे सारीत बसावे लागते. पन्नास पाने सारली, अजून 'मोरी गाय'च चालली आहे. पुन्हा तीस पाने सारली, तर पोहणे मागे राहून गेले. इतक्यात कोणाचा तरी फोन येतो, मोबाईल वडिलांच्या हाती परत जातो, आणि वाचन राहते ते राहतेच. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याकडे आळशी म्हणून पाहिले जाते. दोष तिचा नाही. तो पुस्तक घडविणाऱ्याचा आहे.

कोणी म्हणेल, पृष्ठाचा आकडा पाहून थेट तेथे जावे. परंतु गंमत अशी की, पडद्यावरील पुष्कळशा पुस्तकांना पृष्ठे अशी नसतातच. ई-पुस्तके वाचण्यासाठी जी खास यंत्रे निघाली, त्यांपैकी 'किंडल' हे यंत्र २००७ साली अमेरिकेत विक्रीस आले आणि २०१६ सालच्या डिसेंबरात त्यावर मराठी पुस्तके मिळू लागली. अशा यंत्रावर आजोबा अक्षरे मोठी करून वाचतात, नात तीच अक्षरे लहान करून वाचते. अक्षर मोठे केले की एका पडद्यावर थोडा मजकूर मावतो आणि पडद्यांची संख्या वाढते. मजकूर पाण्यासारखा असतो. ज्या भांड्यात ओतावा त्याचा आकार तो घेतो. अशा वेळी 'पृष्ठ ५७' याला अर्थ तो काय उरणार? म्हणून ई-पुस्तकातील अनुक्रमणिका आकड्याकडे बोट दाखवीत नाही. प्रकरणाच्या आरंभी, मजकुरातच, एक अदृश्य खुंटी ठोकलेली असते आणि अनुक्रमणिकेतील नाव दोरीसारखे त्या खुंटीला बांधलेले असते. मजकूर कितीही पसरला वा आकसला तरी खुंटी आपल्या प्रकरणाबरोबरच राहते.

ज्या पुस्तकांत छापील पानांची छायाचित्रेच साठविलेली असतात, त्यांत पृष्ठे स्थिर असतात खरी. पण तेथेही एक खोच आहे. प्रस्तावना, मनोगत वगैरे पाने छपाईत निराळी मोजतात किंवा मोजतच नाहीत. यंत्र मात्र मुखपृष्ठापासून सगळी पाने सरसकट मोजते. त्यामुळे अनुक्रमणिकेत ४५ लिहिलेले असते आणि यंत्रास ४५ सांगितले असता ते भलतेच पान उघडते. पहिला धडा यंत्राच्या हिशेबाने कितव्या पानावर येतो, ते एकदा पाहून ठेवावे. तो तेराव्या पानावर येत असेल आणि छापील आकडा १ असेल, तर बाराचा फरक. मग ४५ ऐवजी ५७ सांगावे. गणिताच्या तासाचा एवढा उपयोग तर व्हावयासच हवा.

पृष्ठाचा आकडा बदलत राहण्याची ही अडचण नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरून घेत. सुट्या पानांची पोथी वस्त्रात बांधून ठेवीत आणि पानांच्या कडेला क्रमांक घालीत. एका लेखकाचे अक्षर टपोरे, दुसऱ्याचे बारीक. तोच ग्रंथ एका घरी दोनशे पानांचा, तर दुसऱ्या घरी दीडशे पानांचा होई. म्हणजे पानांचा क्रमांक त्या एका पोथीपुरताच खरा. यावर आपल्या ग्रंथकारांनी जो उपाय योजिला होता, तो आजच्या यंत्रांच्या उपायाचा सख्खा भाऊ शोभेल. त्यांनी पत्ता पानावर लिहिला नाही, मजकुरावर लिहिला. समर्थ रामदासांच्या दासबोधाचे वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकाचे दहा समास. अक्षर कसे काढावे आणि ओळी कशा राखाव्यात, हे ज्यात सांगितले आहे तो लेखनक्रियेचा समास कोठे आहे, असे विचारले तर 'दशक एकोणिसावा, समास पहिला' एवढे सांगणे पुरते. सज्जनगडावरील पोथी असो, जामनेरच्या एखाद्या घरातील छापील प्रत असो, की खिशातील मोबाईल असो, हा पत्ता चुकत नाही. ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी, ऋग्वेदाचे मंडल आणि सूक्त यांचेही तसेच. 'श्यामची आई'तील रात्रीही अशाच. पृष्ठे प्रत्येक छपाईत बदलतील. बारावी रात्र बारावीच राहील.

ऋग्वेदासाठी तर कात्यायन नावाच्या पंडिताने 'सर्वानुक्रमणी' नावाचा स्वतंत्र ग्रंथच रचिला. त्यात प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, त्यातील ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे. महाभारताच्या आदिपर्वाची सुरुवातच अनुक्रमणिकापर्वाने होते आणि त्याच्या पाठोपाठ पर्वसंग्रह येतो. कोणत्या पर्वात काय आहे आणि श्लोक किती आहेत, हे त्यात सांगितले आहे. दूरच्या रोममध्ये प्लिनी या विद्वानाने इसवी सन ७७ च्या सुमारास निसर्गाविषयीचा ३७ भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा पहिला संपूर्ण भाग त्याने अनुक्रमणिकेसाठी खर्च केला. तो ग्रंथ त्याने सम्राटपुत्र टायटस याला अर्पण केला होता. राज्यकारभारात गुंतलेल्या माणसाने सगळे वाचीत बसू नये, हवे तेवढे शोधून काढावे, असा त्याचा हेतू होता. वाचकाच्या वेळाची अशी काळजी करणारे ग्रंथकार दोन हजार वर्षांपूर्वी होते. आज यंत्र हाताशी असून ती काळजी होऊ नये, याचे नवल वाटते.

स्थिर पत्त्याचे एक उत्तम उदाहरण जामनेरच्या मुलांना पुस्तकाबाहेरही पाहावयास मिळेल. पहूरवरून फर्दापूरकडे जाणारा रस्ता अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचतो. तेथील लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत. पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने असावे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः अतिशय जुनी लेणी नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची आहेत. हे क्रमांक वयाचे नाहीत, जागेचे आहेत. डोंगराच्या एका टोकापासून चालू लागले असता लेणी ज्या क्रमाने लागतात, त्या क्रमाचे ते आहेत. पुढे पंधराव्या आणि सोळाव्या लेण्यांच्या मध्ये एका लहानशा लेण्याची ओळख पटली. तेव्हा सोळाव्यास सतरावे आणि सतराव्यास अठरावे करण्याचा खटाटोप कोणी केला नाही. नव्यास १५-अ म्हटले आणि बाकीचे क्रमांक जेथल्या तेथे राहू दिले. सतराव्या लेण्यातील चित्रांविषयी पूर्वी जे काही लिहिले गेले होते, ते त्यामुळे आजही सतराव्या लेण्यातच सापडते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. यंत्रात शब्द शोधण्याची सोय असते. हवा तो शब्द लिहावा, तो जेथे जेथे असेल ती स्थळे यंत्र दाखविते. मग अनुक्रमणिकेची गरज काय? हा आक्षेप इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत थोडाफार टिकेल. मराठीत तो टिकणे कठीण आहे, आणि त्याचे कारण सामान्यरूप शिकलेल्या कोणत्याही मुलास सांगता येईल. 'पाणी' हा शब्द वाक्यात आला की त्याचे 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्याने' असे होते. साधे शोधयंत्र अक्षराला अक्षर जुळवून पाहते. त्याला 'पाणी' हवे असते. 'पाण्यात' हा त्याच शब्दाचा अवतार आहे, हे त्याला कोठून कळावे? 'पोहणे' शोधावे, तर लेखकाने 'पोहायला', 'पोहू', 'पोहता' असे लिहिलेले असते. बोलीभाषेतील पुस्तक असेल तर पंचाईत आणखी वाढते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली प्रसिद्ध झाली. ती खानदेशी बोलीत आहेत आणि त्या बोलीत पाण्याचे 'पानी' होते. शहरातील मूल 'पाणी' शोधीत बसेल आणि बहिणाबाईंच्या विहिरीवरून तहानलेलेच परत येईल.

याच्या उलट, 'आई' हा शब्द 'श्यामची आई'त शोधला तर काय होईल? जवळजवळ प्रत्येक पानावर तो सापडेल. म्हणजे काहीच सापडले नाही असे होईल. शब्द शोधणे आणि विषय शोधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय अनेक जुनी ई-पुस्तके अशा टंकांत जुळविलेली आहेत की, डोळ्यांना ती देवनागरी दिसतात, परंतु यंत्राच्या पोटात निराळीच चिन्हे असतात. तेथे शोध मुळीच चालत नाही. जगातील लिप्यांसाठी जो 'युनिकोड' नावाचा एकच संकेत ठरला, त्यात १९९१ सालीच देवनागरीला स्थान मिळाले होते. इतक्या वर्षांनंतरही जुन्या टंकांची सवय सुटू नये, हे बरे नाही.

अनुक्रमणिकेचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो कदाचित पहिल्याहून मोठा आहे. 'श्यामची आई'तील बेचाळीस नावे एका दमात, वरून खाली वाचून पाहावीत. आरंभी मुकी फुले आहेत, पत्रावळ आहे, मोरी गाय आहे, पोहणे आहे, श्रीखंडाच्या वड्या आहेत. बत्तिसाव्या रात्री कर्ज येते. छत्तिसाव्या रात्री घरात तेल आहे तर मीठ नाही. अडतिसाव्या रात्री आईचा शेवटचा आजार येतो. प्रकरणे न वाचताही एक घर कसे उतरणीला लागले, ते नुसत्या नावांतून डोळ्यांसमोर उभे राहते. शब्द शोधणाऱ्या यंत्राला हा उतार कधी दिसावयाचा नाही. लेखकाने पुस्तकाची बांधणी कशी केली, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारे दुसरे पान पुस्तकात नसते.

छापील पुस्तकात निदान जाडी तरी असते. डाव्या हातात किती पाने झाली आणि उजव्या हातात किती उरली, हे बोटांना समजते. पडद्यावर ही जाणीव नाहीशी होते. 'शेकडा ३४' असा कोरडा आकडा खाली दिसतो, त्याने मनाचे समाधान होत नाही. पाचोऱ्याहून जामनेरला येणारी अरुंद रुळांची गाडी २०२० साली थांबली. परंतु तिने प्रवास केलेल्या वडील माणसांना वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही नावे त्याच क्रमाने आजही पाठ आहेत. गाडीत बसलेल्या माणसाला किती मैल झाले, हे कोणी सांगत नसे. पहूर आले म्हटले की तो आपले गाठोडे सावरू लागे. प्रकरणांची नावे वाचकाला असाच अंदाज देतात.

मग हे पान पुष्कळ ई-पुस्तकांत का नसते? ते घालणे फार अवघड आहे काय? मुळीच नाही. अडचण एका गैरसमजुतीची आहे. पुस्तक जुळविणारा मनुष्य प्रकरणाचे नाव मोठ्या, ठळक अक्षरांत लिहितो आणि समजतो की मथळा झाला. माणसाच्या डोळ्यांना तो मथळा दिसतो. यंत्राला डोळे नाहीत. त्याच्या लेखी ती थोडी जाड अक्षरे, एवढेच. 'हा मथळा आहे' असे त्याला स्पष्टपणे सांगावे लागते. लेखनाच्या प्रत्येक चांगल्या साधनात त्यासाठी 'हेडिंग' नावाची सोय असते. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला ती लावली की सगळी अनुक्रमणिका यंत्र आपण होऊन तयार करते. पुढे एखादे प्रकरण मागेपुढे केले तरी तीही आपोआप सुधारते. शाळेचे हस्तलिखित मासिक आता अनेक ठिकाणी संगणकावर जुळवितात. ते काम करणाऱ्या मुलांनी एवढे शिकून घेतले, तर पुष्कळ मोठ्या माणसांच्या पुढे ती जातील.

केवळ गोष्ट वाचावयाची असेल तर अनुक्रमणिका कशाला, असेही कोणी विचारील. रहस्यकथेच्या बाबतीत हे म्हणणे मान्य करावयास हरकत नाही. 'खुनी सापडतो' असे शेवटच्या प्रकरणाचे नाव ठेवणाऱ्या लेखकाने अनुक्रमणिका न दिलेलीच बरी. तेथे नुसते क्रमांक पुरेत. अनुक्रमणिकेमुळे मुले धरसोड वाचतात, ही तक्रार मात्र पटण्यासारखी नाही. धरसोड करणारा वाचक पाने भराभर उलटूनही धरसोड करतोच. हवे ते प्रकरण चटकन सापडणारा मात्र ते शांतपणे वाचू शकतो.

ई-पुस्तकातील अनुक्रमणिकेची ही सोय कोणाच्या गरजेतून निर्माण झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना दिसत नाही अशांसाठी पूर्वी पुस्तके फितीवर ध्वनिमुद्रित करीत. बारावे प्रकरण हवे असेल तर फीत पुढे पळवावी, थांबवावी, ऐकावी, पुन्हा पळवावी. ही यातायात संपावी म्हणून अनेक देशांतील अंधांच्या ग्रंथालयांनी १९९६ साली एकत्र येऊन 'डेझी' नावाची पद्धती हाती घेतली. तिच्यात बोलत्या पुस्तकातही एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेता येते. २००७ साली 'ईपब' या नावाने ई-पुस्तकांचा जो सर्वमान्य साचा ठरला, त्यातील अनुक्रमणिकेची मांडणी या डेझी पद्धतीतूनच घेतलेली होती. डोळस माणूस मथळे नसलेल्या पुस्तकातही अंगठा झिजवून वाट काढील. परंतु जो मुलगा मोबाईलचा आवाज ऐकून 'श्यामची आई' वाचतो, त्याच्या प्रतीत बेचाळीस रात्रींच्या खुंट्या ठोकलेल्या नसतील, तर बाराव्या रात्रीपर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या अकराही रात्री त्याला पुन्हा ऐकाव्या लागतात.